घटपर्णीच्या रोपांवर बुरशी, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ठाण्यात राहतो, पूर्वेची बाल्कनी आहे. एका परिचितांच्या गच्चीवर घटपर्णीचं (पानाच्या टोकाला येणाऱ्या सुरईसारख्या घटात किडे पकडणारी वनस्पती) नर आणि मादी झाड एकदमच फुललं (हिच्यात नर-मादी वेगळी असतात), त्यांनी थोडं बी दिलं. बी कसलं, केसाचे तुकडेच. पंखा चालू ठेवून पेरायला बसलो आणि निम्मं उडून गेलं!

या बियांचा जीव लवकर जातो म्हणून त्याच दिवशी श्रीखंडाच्या डब्यात भिजवलेल्या स्फॅग्नम मॉसवर (मातीऐवजी वापरतात ते शेवाळ) भुरभुरवलं, वर माती घातली नाही. झाकण लावून उजेडात ठेवलं, ऊन थेट नाही. पाणी आरओचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३५. खत शून्य. सात आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसले. आता अकरा रोपं आहेत आणि दोघांच्या पानाच्या टोकाला मोहरीएवढा घट आलाय. भिंगातून पाहिलं तर त्याला झाकणसुद्धा आहे! बायको म्हणते, एवढं कौतुक मुलांचंही केलं नव्हतं.

पण चार दिवसांपासून मॉसवर पांढरी जाळी धरली आहे, एक रोप मुळाशी काळं पडून गेलं. झाकण काढलं तर दुपारपर्यंत मॉस कोरडं, ठेवलं तर बुरशी. रोज थोडा वेळ उघडावं की भोकं पाडावीत? बुरशीनाशक एवढ्याशा रोपांना सोसेल का? आणि वेगळ्या कुंडीत कधी हलवायची?

बियांपासून प्रत्यक्ष वाढवलेल्यांनीच सांगा. 'शेणखत घाला' नको, दुकानदाराने तेच सांगितलं होतं.