मदत हवी आहे: कबड्डीचं मैदान विकायला निघालंय आणि मंडळाचे कागद पावसात गेलेत

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गाव दापोली तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याशी वाद आहे ती माणसं आमचीच आहेत. गणपतीत आरतीला शेजारी उभी राहतात.

गेल्या सोमवारी दाढीला गेलो होतो. सलूनमध्ये चार दिवसांपूर्वीचा पेपर पडलेला. जाहीर नोटिसा कोण वाचतं? पण आमच्या गावाचं नाव दिसलं म्हणून वाचली. अमुक गट नंबर, चतुःसीमा, आणि खाली नेहमीचं: 'सदर मिळकतीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध, गहाण, दान अथवा वहिवाट असल्यास 14 दिवसांत पुराव्यासह लेखी कळवावे, अन्यथा तो सोडून दिला असे समजण्यात येईल.' पूर्वेची सीमा वाचली आणि अर्ध्या दाढीवर उठलो. ते आमचं मैदान.

मैदान म्हणजे फार काही नाही. सुरूच्या बनामागे सपाट तुकडा, कडेला चिऱ्याच्या दोन खोल्या, म्हणजे आमची व्यायामशाळा. भातकापणी उरकली की पोरं लाल माती चाळून टाकतात, संध्याकाळी पाणी मारतात, रूळ फिरवतात आणि चुन्याने तेरा बाय दहाचं आखतात. मी इथेच चढाई शिकलो. पहिली दोन वर्षं मला कुणी 'निदान रेषे'च्या (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) पुढे जाऊ दिलं नाही. नुसतं पाणी मारायला. आता संध्याकाळी मुलींचा संघ असतो, अकरा जणी, आणि त्यांच्या पकडी आमच्या वेळच्या पोरांपेक्षा चांगल्या आहेत हे मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही. शिमग्यात पालखी नाचते तीही इथेच.

जमीन खोतांच्या घराची. त्या घरातल्या आजोबांनी मंडळाला दिली ती तोंडी. 'खेळा' म्हणाले, झालं. सातबाऱ्यावर आज त्या घरातली सतरा नावं आहेत, बहुतेक मुंबईला, दोन कुटुंबं परदेशात. घेणारी पार्टी रिसॉर्टवाली आहे असं ऐकतो.

आता मंडळाची बाजू सांगतो, आणि ती सांगायला लाज वाटते. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीकृत आहे, एफ क्रमांकाचं. पण घटनेप्रमाणे निवडणूक कधी झाली होती ते कुणाला आठवत नाही. कागदावरच्या सात विश्वस्तांपैकी पाच वारले, एक अंथरुणाला खिळून, सातवे काका विरारला मुलाकडे. हिशेब कैक वर्षं दिलेले नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात व्यायामशाळेचे पत्रे उडाले, आणि कपाट उघडं पडून रात्रभर भिजलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला स्वतःच्या घराचे पत्रे शोधायचे होते, मंडळाच्या कपाटाकडे कोण बघतो. आठवड्याने रजिस्टरं बाहेर काढली तेव्हा पापडासारखी चिकटलेली होती. प्रमाणपत्र गेलंच.

पोरं तापलीत. कुणी म्हणतं उपोषणाला बसू, कुणी ऑनलाइन सह्या गोळा करतोय, दोन दिवसांत दोन हजार झाल्या. त्यातल्या किती जणांना गाव नकाशात दाखवता येईल देव जाणे. मला भीती ही की आरडाओरडा झाला की ती सतरा माणसं एक होतील. आज ती एक नाहीत.

विचारायचं एवढंच: नोटिशीला उत्तर कुणी द्यायचं, मंडळाने की गावाने? इतकी वर्षं खेळतोय, त्यावर हक्क सांगता येतो का? आणि अशा मेलेल्या मंडळाला जिवंत करता येतं का? वकील करूच, पण त्याच्यासमोर बसण्याआधी आपल्याला काय विचारायचंय ते तरी कळू दे.

प्रतिसाद

सह्यांचं राहू द्या, दिवस मोजा. पेपरची तारीख धरून 14 दिवस. आज मुदतीतला कितवा दिवस ते बघा आणि आधी हरकत धाडा. साध्या कागदावर चालते. मंडळाच्या नावे एक, आणि वैयक्तिक ग्रामस्थ म्हणून पाच-सात जणांची वेगळी. पोचपावतीसह टपालाने, शिवाय नोटीस काढणाऱ्या वकिलाच्या कार्यालयात हातोहात देऊन शिक्का घ्या. हरकतीने विक्री थांबत नाही, पण घेणाऱ्याला पुढे 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणता येत नाही.

तरीही खरेदीखत झालंच तर फेरफाराची (सातबाऱ्यावर नाव बदलण्याची) नोटीस निघेल, तिथे तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) पुन्हा हरकत घ्या. वादाची नोंद म्हणून प्रकरण वर जातं. मात्र फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे दोन्ही बाजूंना लागू.

प्रतिसाद

वकील नाही, पण एका वाचनालयाचं असंच निस्तरलंय म्हणून सांगतो.

प्रमाणपत्र गेलं म्हणून घाबरू नका. रत्नागिरीला सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तुमची नोंद आहे. परिशिष्ट 1 ची सही-शिक्क्याची नक्कल मागा, त्यात विश्वस्त आणि स्थावर मालमत्ता दोन्ही दिसतं. घटनेचीही नक्कल घ्या. एफ क्रमांक आठवत नसेल तर जुन्या पावतीपुस्तकावर, ढालीवर, बोर्डावर शोधा. आमचा सापडला तो सतरंजीच्या कोपऱ्यावर.

विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तुमचा उशीर वर्षांचा आहे, तेव्हा विलंब माफीचा अर्ज सोबत. विरारचे काका हे तुमचं सोनं आहे. त्यांच्या सहीने सभेची नोटीस काढा, घटनेत सांगितलेत तितके दिवस आधी, सभा घ्या, नवी कमिटी निवडा. ते नसतेच तर कलम 47 खाली नवे विश्वस्त नेमायला अर्ज करावा लागला असता, तो रस्ता लांबचा. राहिलेले हिशेब सीएकडून वर्षवार करून घ्या. खर्च शून्य असेल तर शून्याचे.

अनुदान, कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) वगैरे आत्ता डोक्यातून काढून टाका. ग्रामीण खेळांना सीएसआरचा पैसा देता येतो हे खरं, पण त्याआधी आयकर खात्याकडची 12 ए, 80 जी आणि सीएसआर घेण्यासाठीची सीएसआर-1 अशी नोंदणी लागते. ते पुढच्या वर्षीचं दुखणं.

प्रतिसाद

किनाऱ्यालगत आहे ना? मग सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकाम-बंधनांची) तक्रार टाका, रिसॉर्ट होतंय कसलं! 2019 च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधता येतं ते दिलंय, नकाशे बघा.

प्रतिसाद

वरच्यांना: त्याने रिसॉर्ट अडेल, मैदान कसं मिळेल? मालकाने कुंपण घालून नारळ लावले की खेळ बंदच.

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तोंडी दान कायद्याने टिकत नाही. स्थावराचं दानपत्र नोंदणीकृत लागतं, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882, कलम 123. 'बारा वर्षं कब्जा' हे जे सगळे सांगतात, त्यातही मेख आहे. तो कब्जा मालकाच्या विरोधात असावा लागतो. तुम्हीच लिहिलंय आजोबा 'खेळा' म्हणाले. म्हणजे परवानगी. परवानगीने बसलेल्याला मालक होता येत नाही. लाइटबिल, घरपट्टीचा नमुना 8 जमवा, पण ते वापराचे पुरावे, मालकीचे नव्हेत.

पालखीचं मात्र वेगळं आहे. गावाची रूढी म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या पालखी नाचत असेल, तर सुखाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराचा हक्क) अधिनियम 1882 च्या कलम 18 वर वकिलाशी नीट बोला. तो हक्क मंडळाचा नाही, गावाचा. म्हणून गावाची हरकत वेगळी द्या, त्यात पालखी लिहा. ग्रामसभेचा ठरावही घ्या, मालकी मिळणार नाही पण फाइलला लागेल.

आणि एक. तुम्हीच विकत घेता का? सातबाऱ्यावर शेती असेल तर मंडळाच्या नावाने थेट खरेदी होत नाही. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948, कलम 63: बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि संस्था शेतकरी नसते. पैसे जमवण्याआधी हे तपासा, नाहीतर विसार अडकेल. लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा हा मधला रस्ता, पण शेतजमिनीचा भाडेपट्टाही याच कलमात येतो, तेव्हा कोणत्या परवानगीने, कोणत्या अटींवर ते वकिलाकडून तपासून.

प्रतिसाद

आमच्या गावचं मैदान असंच गेलं. आता तिथे स्विमिंग पूल आहे. शुभेच्छा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. शेवटच्या साहेबांचेही.

दोन्ही हरकती नवव्या दिवशी पोचल्या, शिक्का आहे. पालखीची हरकत गुरव आणि मानकऱ्यांच्या सह्यांनी दिली. पोरांना उपोषण थांबवायला लावलं, त्यावरून दोघं माझ्याशी बोलत नाहीत.

विरारला जाऊन आलो. काकांना ऐकू कमी येतं, पण 'बदल अर्ज' म्हटल्यावर ताडकन म्हणाले, 'मी तेव्हाच सांगत होतो.' सभेच्या नोटिशीवर सही करताना हात थरथरत होता, म्हणून अंगठाही घेऊन ठेवला, बरोबर केलं का माहीत नाही. सभा मे महिन्यात, चाकरमानी गावाला असताना.

येताना परळला खोतांच्या थोरल्या सुनबाईंकडे गेलो. मी त्यांना वहिनी म्हणतो, लग्नात मी वाढपी होतो. भांडायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण त्यांनीच आधी विचारलं, 'तुम्ही लोकांनी आम्हाला एकदा तरी विचारलंत का? घरपट्टी सोडा, दरवर्षीच्या स्पर्धेचं आमंत्रण तरी?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाहुणे म्हणून आम्ही आमदारांना बोलावतो, जमीनवाल्यांना नाही. त्यांना विकायचंच आहे असं नाही म्हणाल्या, पण धाकट्या दिरांना पैशांची गरज आहे, आणि सतरातल्या नऊ जणांनी अजून सही केलेली नाही. भाडेपट्ट्याचं बोलू, कागद घेऊन या म्हणाल्या.

कागदाचंच एक विचारायचंय. ती चिकटलेली रजिस्टरं मी तव्याच्या उबेवर, मध्ये टिपकागद घालून, रोज चार-पाच पानं अशी सोडवतोय. काल पहिल्या सभेचं पान निघालं. खाली 'अध्यक्ष' म्हणून आजोबांचीच सही आहे, त्यांच्याच हातची, आणि ठरावात 'माझ्या मालकीच्या जागेत खेळण्यास' एवढं वाचता येतं. पुढची शाई पसरलीय. कोर्टात हे पान आमच्या उपयोगाचं की आमच्याच विरुद्ध, ते वर वाचून कळलं. पण वहिनींना दाखवायचंय. पसरलेली निळी शाई फोटोत ठळक उठावी म्हणून काय करतात? मोबाइलवर जमेल असं सांगा, आणि लवकर. पान वाळलं की कडा तुटतात.