मदत हवी आहे – ट्रामचे दोन संग्रह एकत्र करायचेत

नमस्कार मंडळी, आमच्या काकांचा सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, त्यामुळे त्यांचा मुंबई ट्रामचा संग्रह (१९६४ ला शेवटची ट्राम धावली तेव्हापासून जमवलेला) आता चिंचवडच्या मित्राच्या संग्रहात मिसळायचा असं दोघांनी ठरवलंय. पुण्यात कधी ट्राम नव्हतीच, वेड मात्र भरपूर!

तिकिटं, फोटो, पितळी घंटा हे होईल कसंही, पण ड्रायव्हरपुढचा तो ओतीव लोखंडाचा कंट्रोलर (ट्रामचा वेग कमी-जास्त करायची पेटी) लाकडी जिन्यावरून उतरवायचा कसा, हमाल नुसते बघून परत गेले. त्यात जुन्या कंट्रोलरमध्ये ठिणगी अडवायला अ‍ॅस्बेस्टॉस वापरायचे म्हणतात, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक, म्हणजे उघडून सुटा करायची पण भीती. पुण्यात हे तपासून देणारं कोणी आहे का?

दुसरी भानगड रजिस्टरची. दोघांच्याही वह्यांत नंबर १ पासूनच, म्हणजे एकाच नंबरच्या दोन वस्तू. माझं मत, जुना नंबर पुसायचा नाही, पुढे अक्षर लावायचं. काका म्हणतात सगळं नव्याने लिही. कोण बरोबर?

आणि मालकी? अमेरिकेत ओहायोतलं ट्रॉलीव्हिल हे ट्रामचं म्युझियम बंद पडलं, गाड्या क्लीव्हलंडला नेल्या, तिथलं नवं म्युझियम काही उभं राहिलं नाही आणि शेवटी वेगवेगळ्या म्युझियमनी त्या वाटून घेतल्या. आपलं तसं नको, म्हणून आधीच लेखी करायचंय. बक्षीसपत्र पुरेल की ट्रस्टच करावा लागेल? खर्चाचा अंदाज पण सांगा प्लीज, वाडा दिवाळीआधी रिकामा करायचाय.