बीएस्सी केमिस्ट्री झालं, लोटेत अप्रेंटिस करू की मुंबईला जाऊ?

वाशिष्ठी_काठ:
नमस्कार सगळ्यांना. मी चिपळूणची, यंदा टीवायबीएस्सी केमिस्ट्री झालं, फर्स्ट क्लास आहे. रिझल्ट लागल्यापासून रोज जॉबच्या साईटवर अर्ज टाकतेय पण कुठूनच फोन नाही, आणि जिथे बघावं तिथे एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात, मग फ्रेशरने तो आणायचा कुठून. आमच्या जवळच्या लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसी लॅबला (मालाची गुणवत्ता तपासणारी लॅब) अप्रेंटिस घेतायत असं सिनियरकडून कळलंय, पण स्टायपेंड कमी आहे. मामा म्हणतो डोंबिवलीला आमच्याकडे ये, इथे काहीही मिळेल. आई म्हणते गणपती होऊ देत मग बघू. बाबांचं म्हणणं एमपीएससीचा क्लास लाव. मला खरं लॅबमध्येच काम करायचंय. एमएस्सी लगेच जमणार नाही, धाकटा भाऊ बारावीला आहे आणि घर एकाच पगारावर चाललंय. काय करू? बायोडाटा पण नेटवरच्या फॉरमॅटने केलाय, ऑब्जेक्टिव्ह वगैरे सगळं टाकलंय, तो चालेल का?

लोटेकर:
मी लोटेत क्यूसीलाच आहे, बरीच वर्षं झाली, आता फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यूला समोर बसतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अप्रेंटिस घे. पण हो म्हणायच्या आधी विचार की लॅबमध्ये कुठे बसवणार, रॉ मटेरियलला, इनप्रोसेसला, फिनिश्डला, की नुसती सॅम्पल आणायची नि रजिस्टर भरायचं. एचपीएलसी नाहीतर जीसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी मशीन) हात बसणार असेल तर पैसे कमी असले तरी ते वर्ष फुकट जात नाही, कारण पुढच्या कंपनीत पहिला प्रश्न हाच येतो की कुठलं इन्स्ट्रुमेंट स्वतः चालवलंय. वर्षभर बाटल्यांना लेबलंच लावायची असतील तर नको घेऊस. जाहिरातीत अनुभव मागतात ना, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आम्हाला पहिल्यापासून शिकवायला वेळ नाही.

आणि हे नॅट्सच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेच्या, पोर्टलवर रजिस्टर करून होतंय ना ते बघ. अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा आहे, त्यात बीएस्सी, बीकॉम, बीए सगळे बसतात, फक्त पास होऊन पाच वर्षांच्या आत पाहिजे. २०१९ च्या नियमात पदवीवाल्यांना महिना किमान ९००० ठरले, कंपनीला जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही. रजिस्टर असेल तर शेवटी सरकारी सर्टिफिकेट मिळतं आणि ते दुसरीकडे अनुभव म्हणून दाखवता येतं. नुसतं तोंडी "ट्रेनी म्हणून ये" म्हणत असतील तर त्याला काही अर्थ नाही, कागद माग. मात्र वर्ष संपल्यावर कायम करतीलच असं धरून चालू नको, कायद्याने ते बंधनकारक नाही, पीएफही कापत नाहीत. म्हणजे आठव्या-नवव्या महिन्यापासूनच बाहेर अर्ज सुरू करायचे.

बायोडाटातलं ऑब्जेक्टिव्ह काढून टाक, आम्ही ते वाचत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. त्या जागी तिसऱ्या वर्षाला हाताने काय काय केलंस ते लिही, कुठली टायट्रेशन केली, पीएच मीटर कॅलिब्रेट केलाय का, कलरीमीटर वापरलाय का, प्रोजेक्ट कशावर होता आणि त्यात तुझा भाग कोणता. जे केलं नाही ते लिहू नकोस. एचपीएलसी फक्त लांबून बघितलं असेल तर "प्रात्यक्षिक पाहिले" असंच लिही, कारण आम्ही लगेच विचारतो की मोबाईल फेज (त्या मशीनमधून सोडायचं द्रावण) फिल्टर आणि डिगॅस, म्हणजे त्यातली हवा काढणं, का करतात, आणि तिथे पोरं गप्प होतात.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो. सोडियम हायड्रॉक्साईडचं सोल्यूशन वजन करून बनवलं तरी परत स्टँडर्डाईज का करायचं, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासून का ठरवायची? उत्तर सोपं आहे, ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साईड ओढून घेतं, म्हणून वजनावर भरवसा ठेवता येत नाही, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने स्टँडर्डाईज करतात. हे सगळ्यांनी कॉलेजला केलेलं असतं, पण जर्नल उतरवून काढलेलं असतं त्यामुळे का केलं ते आठवत नाही. फर्स्ट क्लासवाल्या पोरांना इथे अडताना बघून वाईट वाटतं. दोन दिवस बसून स्वतःचं जर्नल परत वाच, नॉर्मॅलिटी-मोलॅरिटी, प्रायमरी-सेकंडरी स्टँडर्ड, इंडिकेटर कधी कुठला, बास, एवढ्यावर पहिला इंटरव्ह्यू निघतो.

साईटवरून फोन येत नाही म्हणून खचू नको, आमच्या एमआयडीसीत बरीच भरती ओळखीने आणि गेटवर दिलेल्या बायोडाटावर होते. एचओडी सरांना विचार आपल्या कॉलेजचे कोण कोण लोट्याला नि महाडला आहेत, त्यांना फोन कर. गणपतीपर्यंत थांबू नको हे आईला माझ्यातर्फे सांग, त्या पंधरा दिवसांत इथे अर्धी माणसं रजेवर असतात, कोणी कोणाला घेत नाही.

तुतारीचा_प्रवासी:
मुंबईबद्दल सांगतो, मी संगमेश्वरचा, सुरुवातीला लालबागला गावकीच्या खोलीत राहून काढलंय. काहीही मिळेल म्हणजे नेमकं काय हे मामाला विचार, कारण काहीही म्हटलं की बहुतेक वेळा कॉल सेंटर नाहीतर बँकेची कार्डं विकायचं काम मिळतं आणि दोन वर्षांनी लॅबवाले म्हणतात तुमचा केमिस्ट्रीशी संबंध सुटला. काम वाईट नाही, पण तुला लॅबच हवी आहे ना. लॅबसाठी तिकडे अंबरनाथ, तळोजा, तारापूर ही ठिकाणं, डोंबिवलीहून अंबरनाथ जवळ पडतं. मामाचं घर आहे म्हणजे भाड्याचा मोठा खर्च वाचतोय, ते सोडू नको, पण लोट्याचं वर्ष करून मग गेलीस तर केमिस्ट म्हणून जाशील.

मांडवी_बंदर:
बाबांवर रागावू नकोस गं, त्यांना स्थिर काहीतरी हवंय एवढंच. एमपीएससीला खुल्या गटाला ३८ पर्यंत वय असतं, त्यामुळे आत्ता एक वर्ष नोकरी केलीस म्हणून ते दार बंद होत नाही. बँकेचं मात्र वेगळं, सरकारी बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्कला २० ते २८, पीओला (प्रोबेशनरी ऑफिसर) ३० पर्यंत, आणि क्लार्कला स्थानिक भाषेची परीक्षा असते त्यात आपल्याला मराठीचा फायदा. मी रत्नागिरीत राहून नोकरी सांभाळून बँकेची दिली, पहाटे दोन तास गणित नि रिझनिंग, घरी बसून नुसता अभ्यास मला परवडणारा नव्हता. ग्रामीण बँकेची भरती पण बघत राहा, आपली विदर्भ कोकण आता मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आलीय, त्या नावाने शोध. आणि कुठे काहीच जमलं नाही तर २०२४ ला सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, पदवीधराला महिना १००००, पण ती ठरावीक महिन्यांचीच, पुढे नोकरीची हमी नाही. लॅब मिळत असेल तर लॅबच घे.

कुडाळवालो:
सगळ्यांनी चांगलाच लिहिल्यानी, मी एकच सांगतय. नोकरीसाठी कोणी पैशे मागल्यान तर थंयसून सरळ उठान चलाक लाग. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, नाव काहीही असो. आमच्या बाजूला मर्चंट नेव्हीच्या नावाने पोरांचे लाखो रुपये गेलेत, आईबापांनी बागा गहाण टाकलेल्या. धाकट्या भावाला पण सांगून ठेव, जहाजावर पाठवणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचं (केंद्राचं जहाज वाहतुकीचं खातं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स लागतं, त्यांच्या साईटवर नंबर तपासता येतो आणि नोकरी लावायचे पैसे घ्यायला त्याला परवानगीच नाही. ऑफर लेटर साध्या जीमेलवरून आलं तर कंपनीच्या ऑफिसला स्वतः फोन करून विचार. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करायचा, लाज वाटून दोन दिवस गप्प बसलं की रक्कम पुढे निघून जाते.

वाशिष्ठी_काठ:
सगळ्यांचे खूप आभार, आज पहिल्यांदा काहीतरी दिशा दिसतेय. लोटेकर दादा, सिनियरने सोमवारी बोलावलंय एचआरला भेटायला. सेक्शनचं असं थेट विचारलं तर चालेल ना, उद्धट वाटणार नाही? आणि शिफ्टचं कसं असतं, पावसात वाटेतला परशुराम घाट बंद झाला तर?

लोटेकर:
बिनधास्त विचार, विचारणारी पोरगी आम्हाला आवडते, तिला कामाचं कळतं असं दिसतं. "सर, मला इन्स्ट्रुमेंट शिकायची इच्छा आहे, कुठल्या सेक्शनला संधी मिळेल" असं म्हण. शिफ्टचं कंपनीप्रमाणे वेगळं असतं, आमच्याकडे अप्रेंटिसना जनरल, म्हणजे दिवसाचीच, असते, तरी तिथे स्पष्ट विचारून घे, आणि कंपनीची बस चिपळूणला कुठे थांबते तेही. घाट बंद झाला तर बसमधले सगळेच अडकतात, तुझ्या एकटीच्या उशिराचा विषय होत नाही. मार्कशीट, आधार, बँक पासबुकाच्या झेरॉक्स आणि फोटो घेऊन जा, ओरिजिनल फक्त दाखवायचे, ठेवून घेतो म्हणाले तर द्यायचे नाहीत. इंटरव्ह्यू झाला की काय काय विचारलं ते इथे नक्की लिही, अजून बरीच पोरं हाच प्रश्न घेऊन येणार आहेत.