प्रतिसाद: कासला गेलो आणि पचकाच झाला

तुम्ही लिहिलंय की फोटो बघून पुण्याहून पहाटे निघालात आणि साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर नुसते "गवतात ठिपके" बघून परत आलात, वाचून हसू आलं पण चूक तुमची नाही हो, ते ड्रोनचे गुलाबी गालिचेवाले फोटो बघून कुणाचंही डोकं फिरेल. मी सातारचाच, माझी मावसबहीण आली तेव्हा सेम झालं, गाडीतून उतरली आणि म्हणाली, एवढंच? मुळात तिथं खाली जांभा खडक आणि वर मातीचा पातळ थर, त्यात मोठी झाडं धरतच नाहीत, फुलं वीतभर उंचीची. सीतेची आसवं बघायची तर अक्षरशः उकिडवं बसावं लागतं, आणि ती चिमुकली वनस्पती किडे खाते हे कळल्यावर बहिणीचा मुलगा अर्धा तास हलेना!! टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते, ती प्रत्येक फोटोत कशी दिसणार... आणि कास २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्यापासून गर्दी एवढी की शनिवार-रविवारी आम्ही तिकडं फिरकतच नाही.

उलट परत येताना टाइमपास म्हणून बहिणीला लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवर नेलं, काही माहीत नसताना, विहिरीतच चक्क महाल बघून ती वेडीच झाली. अजून फोनवर विहिरीचंच बोलते, कासचं नाव नाही. आता तिच्या नणंदेला इतकं रंगवून सांगितलंय की ती पुढच्या महिन्यात येतीय, मला आत्ताच टेन्शन आलंय.