नुसत्या किमतीच्या मर्यादेने भागणार नाही

प्रोसेसरवर पंधरा हजारांची मर्यादा घातली की आपली ओव्हरक्लॉकिंगची लीग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याची स्पर्धा, सगळ्यांना सारखी होईल, हे इथे मांडलेलं म्हणणं मला अर्धंच पटतं. एकाच मॉडेलच्या दोन चिपा सारख्या नसतात. ५.२ गिगाहर्ट्झच्या वेगाला एक १.२५ व्होल्टवर टिकते, दुसरी १.३५ मागते आणि तेवढ्यात तापून वेग पाडते. ज्याला दहा आणून, सगळ्यांत चांगली ठेवून नऊ विकता येतात, तो मर्यादेत राहूनही पुढेच. इंदूरच्या जेल रोडच्या बाजारातून जेमतेम एक घेणाऱ्या पोराने काय करायचं? त्यापेक्षा आयोजकांनी सीलबंद प्रोसेसर आणावेत, चिठ्ठ्या टाकून वाटावेत आणि दुसऱ्या फेरीत आपसांत बदलायला लावावेत.

खोलीच्या तापमानाबद्दल मात्र इथे कुणीच बोललेलं नाही. चिपवर बसवलेला पंख्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. १०० अंशांना वेग पाडणाऱ्या चिपला जानेवारीत १५ अंशांच्या खोलीत ८५ अंशांची मोकळीक मिळते; आपल्या इंदूरच्या मे महिन्यात, ४० अंशांत, फक्त ६०. घरून निकाल पाठवायचे असतील तर एसीवाला तिथेच जिंकला. म्हणून पंख्याच्या तोंडाशी थर्मामीटर ठेवून त्याचा आकडा स्कोअरच्या त्याच फोटोत दिसलाच पाहिजे, आणि २५ अंशांखालची नोंद बाद. चिप पाण्याने थंड करताना त्या पाण्यात बर्फ टाकणाऱ्यांना हाच नियम पाण्याच्या तापमानासाठी लावा. पावसाळ्यात तर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की २५ अंशांखालच्या ब्लॉकवर (चिपवरच्या, पाणी फिरणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) दव धरतं, चिपच्या सॉकेटमध्ये उतरतं आणि मदरबोर्ड जातो. ज्याच्याकडे एकच बोर्ड आहे त्याची लीग तिथेच संपते.