मदत हवी आहे: घरी बांधलेल्या गाडीचे पहिले रोलिंग रोड ट्यूनिंग. आधी काय काय तपासून न्यावे?

क्रँकपुली

नमस्कार मंडळी. घरी बांधलेली दोन आसनी गाडी पहिल्यांदाच रोलिंग रोडवर (चाके रोलरवर फिरवून ताकद मोजायचे यंत्र, म्हणजेच डायनो) मॅपिंगसाठी (इंजिनाच्या संगणकातले पेट्रोल आणि ठिणगीचे तक्ते भरण्यासाठी) न्यायची आहे. तपशील असा:

२.० लिटर, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, टर्बो नाही. चार स्वतंत्र थ्रॉटल बॉडी, स्टँडअलोन ईसीयू (इंजिनाचा स्वतंत्र संगणक), इंजिनावरचा लोड तो थ्रॉटल किती उघडले त्यावरून (टीपीएस सेन्सर) ठरवतो. ६०-२ दातांचे (६० पैकी २ गाळलेले) ट्रिगर व्हील, इंडक्टिव्ह क्रँक सेन्सर, वेस्टेड स्पार्क कॉइल. इंजेक्टर ३ बारला २४० सीसी प्रति मिनिट. अपेक्षा साधारण १६० अश्वशक्तीची, लिमिटर ७००० आरपीएम. ड्राइव्ह मागच्या चाकांना, चौथा गिअर १:१, फायनल ड्राइव्ह ३.९, टायर १८५/६० आर१४ ८२टी.

इंजिन सुरू होते, आयडलला टिकते, बेस मॅप चालतो. अडते ते इथे:

१. ईसीयूमध्ये टायमिंग (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) १०° वर लॉक केले तर टायमिंग लाइटवर १००० आरपीएमला बरोबर १०° दिसते, २५०० ला ९° आणि ४००० ला ८°. हे चालेल का?
२. आयडलला वाइडबँड लॅम्डा १.१५ च्या आसपास (१ म्हणजे अचूक मिश्रण, वर म्हणजे पेट्रोल कमी किंवा लीन, खाली म्हणजे जास्त किंवा रिच) दाखवतो, पण मागे उभे राहिले तर कच्च्या पेट्रोलचा वास येतो. मग खरे काय मानायचे?
३. इंजेक्टर पुरतील का?
४. गाडी रोलरवर बांधण्यासाठी चासीला वेगळे काही करावे लागते का?

दातमोजणी

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण टायमिंगच खोटे असेल तर त्यावर बांधलेला अख्खा मॅप खोटा ठरतो. ट्यूनरला स्क्रीनवर २८° दिसणार आणि इंजिनाला मिळणार वेगळेच.

तुमचे आकडे पाहा: आरपीएम वाढेल तसे टायमिंग सरळ रेषेत मागे पडते आहे. क्रँक १००० आरपीएमला सेकंदाला ६००० अंश फिरतो, ४००० ला २४,०००. म्हणजे सेकंदाला १८,००० अंशांच्या फरकात २° गेले. ठरावीक उशीर सुमारे ११० मायक्रोसेकंद. हा सेन्सरच्या सर्किटचा आणि कॉइल ड्रायव्हरचा उशीर आहे. बहुतेक स्टँडअलोन ईसीयूंमध्ये त्याच्या भरपाईची सेटिंग असते. तिथे ११० च्या आसपास आकडा भरा आणि १०००, २५००, ४००० ला पुन्हा बघा. तिन्हीकडे आकडा सारखा यायला हवा; तो १०° पेक्षा किंचित वेगळा असेल तर तेवढाच ट्रिगर अँगलने १०° वर आणा. ट्रिगर अँगलमध्ये २° वाढवून ४००० चा हिशेब जुळवू नका. तसे केले तर खाली १२° होतील आणि ७००० ला तरीही दोन अंश कमीच राहतील.

फरक सरळ रेषेत नसता, मध्येच उडी मारत असता किंवा वरच्या आरपीएमला सिंक (ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळणे) तुटत असता तर संशय सेन्सरच्या दोन तारांवर घ्यायचा. इंडक्टिव्ह सेन्सरची पोलॅरिटी उलटी असली तरी इंजिन सुरू होते, म्हणून ते लक्षात येत नाही. पण मग ईसीयू दाताच्या मध्यावरचा खडा उतार सोडून खाचेतला संथ उतार मोजतो आणि टायमिंग वेगानुसार सरकत राहते. ऑसिलोस्कोप मिळाला तर एकदा सिग्नल पाहून घ्याच. सेन्सरची केबल शील्डेड हवी, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ केलेले, आणि मार्ग प्लगच्या वायरींपासून लांबून. प्लग रेझिस्टरवालेच वापरा.

आणखी दोन गोष्टी. पुलीवरची टीडीसीची (पिस्टन सर्वांत वर असल्याची) खूण खरी आहे का, हे पिस्टन स्टॉप लावून बघा: दोन्ही दिशांनी क्रँक हाताने फिरवून जिथे अडतो तिथे खुणा करायच्या, त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. जुळवाजुळव करून बांधलेल्या इंजिनात पुली एकाची आणि फ्रंट कव्हर दुसऱ्याचे असे सर्रास असते. दुसरे म्हणजे वेस्टेड स्पार्कमध्ये प्लग प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतो, त्यामुळे डायलवाल्या टायमिंग लाइट बहुधा दुप्पट आकडा दाखवतात. डायल शून्यावर ठेवा आणि पुलीवर अंश आखून घ्या.

बँजोबोल्ट

इंजेक्टरचा हिशेब करूया. बिनटर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण थ्रॉटलला अश्वशक्तीमागे साधारण ५.२५ सीसी प्रति मिनिट पेट्रोल लागते. १६० ला ८४०, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला २१०. तुमच्या २४० च्या इंजेक्टरला हे ८७ टक्के झाले. त्यात ७००० आरपीएमला एक पूर्ण चक्र फक्त १७.१ मिलिसेकंदांचे असते आणि त्यातला सुमारे १ मिलिसेकंद इंजेक्टर उघडण्यातच (डेड टाइम) जातो. प्रत्यक्ष ड्यूटी (चक्रातला इंजेक्टर उघडा राहण्याचा हिस्सा) नव्वदीच्या पुढे जाईल. डायनोवर ट्यूनर तिथेच थांबेल आणि तो बरोबरच असेल.

उपाय दोन. मोठे इंजेक्टर (२७० ते ३०० सीसी), किंवा रेग्युलेटर ३.५ बारला. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २४० चे साधारण २५९ होतात आणि मूळ ड्यूटी ८१ टक्क्यांवर येते. चालून जाते, पण घट्टच. दाब बदलला की डेड टाइमही बदलतो. ३.५ बारचा, व्होल्टेजनुसार दिलेला डेड टाइमचा तक्ता मिळत असेल तरच हा मार्ग घ्या, नाहीतर सरळ मोठे इंजेक्टर. डेड टाइम चुकीचा असला की आयडल आणि हलक्या थ्रॉटलला मिश्रण बॅटरीच्या व्होल्टेजबरोबर नाचते. फॅन सुरू झाला की लॅम्डा हलतो.

पंप दाबासह मोजा, नुसता गेज पाहून भागत नाही. इंजिन थंड आणि बंद, अग्निशामक हाताशी, रिटर्न पाइप मापाच्या कॅनमध्ये, रिले जंपर करून पंप ३० सेकंद चालवा. रेग्युलेटर ठरलेल्या दाबावर असताना निदान ६०० मिली यायला हवे. गरजेच्या ८४० पुढे हे मिनिटाला १२०० होतात, एवढी शिल्लक पाहिजेच. कमी आले तर पंपाला दोष देण्याआधी पंपाच्या टर्मिनलवरच व्होल्ट मोजा. बारीक वायर आणि कच्ची अर्थिंग यात एखादा व्होल्ट सहज जातो आणि पंप मंदावतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. फॅन, पंप आणि दिवे सगळे लावून बॅटरीचा निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक हा ड्रॉप ०.२ व्होल्टच्या वर नको.

तिरपा रॉड

टायरकडे कुणी पाहिले नाही! ७००० भागिले ३.९ म्हणजे चाकाचे १७९५ फेरे, १८५/६० आर१४ चा परीघ १.८१ मीटर. चौथ्या गिअरमध्ये लिमिटरला ताशी १९५ किमी होतात. टी रेटिंग १९० चे आहे. त्यातही रोलरवर टायर रस्त्यापेक्षा जास्त दबतो आणि तापतो. किमान एच (२१०) किंवा व्ही (२४०) लावा. जुने, कडक झालेले, भेगा पडलेले नकोत. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त. नक्की किती ते डायनोवाल्याला विचारा. खाचांतले खडे काढा, ते रोलरवरून गोळीसारखे सुटतात. चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या काही रननंतर पुन्हा तपासायला सांगा.

बांधणीबद्दल: पट्टे मागे दोन्ही बाजूंना तिरपे ओढले जातात. हूक अडकवायला चासीच्या मुख्य सांगाड्यावर, क्रॉसमेंबरला गसेट (मजबुतीची त्रिकोणी पट्टी) देऊन, दोन भक्कम डोळे हवेत. पातळ नळीला मधोमध पट्टा घातला तर ती वाकते. ब्रेक पाइप, ड्राइव्हशाफ्ट, अँटी-रोल बार आणि एक्झॉस्टच्या जवळून पट्टा जाता कामा नये. मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर पट्टा ओढला की गाडी खाली बसते. घरीच मागे वजन ठेवून बघा, टायर मडगार्डला घासतो का, ड्राइव्हशाफ्टचा कोन फार होतो का, सायलेन्सर किती खाली येतो. ग्राउंड क्लिअरन्स मोजून डायनोवाल्याला आधीच कळवा. एक्झॉस्ट बाजूने निघत असेल तर तेही सांगा, धूर ओढायचा पाइप त्याला तसा लावावा लागतो.

मागच्या चाकांचा टो (चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) दोन्हीकडे सारखा करून घ्या, नाहीतर गाडी रोलरवर एका बाजूला चढते. ब्रेक अडकत नाहीत ना, हे चाक हाताने फिरवून बघा. अडकणारा ब्रेक ताकद खातो आणि रोलरवर तापत राहतो.

कूलिंगमध्ये हयगय नको. समोरचा पंखा कितीही मोठा असला तरी ताशी १०० च्या वाऱ्याची बरोबरी करत नाही. नाक वर करून कूलंटमधली हवा पूर्ण काढा. इंजिन आयडलला ठेवून रेडिएटरचा फॅन निदान दोनदा आपोआप सुरू होऊन बंद झाला पाहिजे. इंजिनातली तेलकट वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर कॅच टँकला जोडा. रोलरवर तेल सांडले तर सेशन तिथेच संपते.

क्रँकपुली

खूप आभार. भरपाई ११० टाकली. आता १०००, २५०० आणि ४००० तिन्हीकडे १०° दिसते. टायर व्ही रेटिंगचे घेतो. इंजेक्टर मोठेच लावणार, ३.५ बारचा तक्ता मिळत नाही. लॅम्डाचे मात्र कळले नाही. कलेक्टरपासून टेलपाइप छोटा आहे, बाजूने निघतो.

दातमोजणी

छोटा टेलपाइप हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. लॅम्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. आयडलला वायूचा प्रवाह इतका कमी असतो की प्रत्येक ठोक्यामागे बाहेरची हवा पाइपमधून आत ओढली जाते. ओव्हरलॅपवाले कॅम (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे ठेवणारे) असतील तर ताजी हवाही न जळता बाहेर पडते. एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल तर त्यातला सगळा ऑक्सिजन आणि सगळे पेट्रोल तसेच मागे येते. म्हणून आकडा लीन आणि वास रिच. अशा वेळी आकडा पाहून पेट्रोल वाढवत नेले तर प्लग काळे होतात आणि मिसफायर वाढतो.

आधी गळती शोधा. इंजिन थंड असताना टेलपाइपला ब्लोअर लावून मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंतच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाका. सेन्सर चारही पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे, पोर्टपासून ४५ सेंमी किंवा जास्त लांब, आणि आडव्या रेषेच्या किमान १०° वर हवा, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. हीटर बंद ठेवून सेन्सर एक्झॉस्टमध्ये ठेवू नका, काजळी धरतो. गळती नसेल तर २००० ते २५०० आरपीएमला काय दिसते ते पाहा. तिथे आकडा स्थिर आणि वासाशी जुळणारा आला तर सेन्सर ठीक आहे. ट्यूनरशी बोलताना लॅम्डातच बोला, हवा-इंधन प्रमाणात नको. पेट्रोलमधल्या एथनॉलनुसार ते प्रमाण बदलते, लॅम्डा १ मात्र १ च राहतो. अशा इंजिनाला पूर्ण थ्रॉटलला साधारण ०.८६ ते ०.८८ ठेवतात.

बँजोबोल्ट

थ्रॉटल बॉडीचा क्रम चुकू देऊ नका, कारण तुमचा लोडच थ्रॉटलवर आहे. आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनाच्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे थंड किंवा गरम), मग इंजिन गरम करून कम्प्रेशन (थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही सिलिंडर १० टक्क्यांच्या आत). मग चारही बॉडींचा प्रवाह सिंक्रोमीटरने आयडलला सारखा, नंतर लिंकेजवर १५०० ते २०००ला सारखा. सर्वांत शेवटी टीपीएसचे शून्य आणि शंभर. शंभर घेताना पेडल सीटवर बसून पायाने दाबा. केबल ढिली असली तर हाताने पूर्ण उघडणारे थ्रॉटल पेडलने नव्वदच होते. थ्रॉटल टेबलचे खालचे टप्पे जवळजवळ ठेवा, जसे ०, १.५, ३, ५, ८, १२, १८, २५, ३५, ५०, ७०, १००. अशा बॉडींमधून बहुतेक हवा थ्रॉटल पहिला एक तृतीयांश उघडेपर्यंतच सुरू होते.

मॅपिंगनंतर स्टॉप स्क्रू, टीपीएस, रेग्युलेटरचा दाब किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप, एअर फिल्टर यांतले काहीही हलले तर मॅप पुन्हा करावा लागतो. म्हणून रस्त्यावर जो फिल्टर आणि जो सायलेन्सर वापरणार तोच लावून जा. टाकीत रोजचेच पेट्रोल, निम्म्याच्या वर.

तिरपा रॉड

सोबत न्यायचे: प्लगचा नवा सेट (गॅप ०.८ मिमी) आणि एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) असलेला दुसरा सेट, एक लिटर तेल, कूलंट, फ्यूज, रिले, होज क्लिप, ईसीयूची केबल, आणि फर्मवेअरशी जुळणारे सॉफ्टवेअर चालवून पाहिलेला लॅपटॉप. मॅपला पासवर्ड असेल तर तो काढून ठेवा, बेस मॅपची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. लिमिटर सुरुवातीला ५५०० ला लावा. ट्यूनर स्थिर लोडवर एकेक खाना भरत वर गेला आणि तेलाचा दाब, तापमान जागेवर राहिले की तो स्वतःच वाढवेल. थंड स्टार्ट आणि अ‍ॅक्सिलरेशनला पेट्रोल वाढवायची सेटिंग त्या दिवशी पूर्ण होणार नाही. ती घरी सकाळच्या थंड इंजिनावर करावी लागते, त्यामुळे निघताना अनलॉक केलेला अंतिम मॅप मागून घ्या.