मॉरिस मायनर: खरंच घ्यावी अशी गाडी, की नुसतं आठवणींचं प्रेम?

दहा_नंबरी_पाना:
इंग्लंडात क्लासिक गाडी म्हटलं की लोक थेट एमजी नाहीतर जॅग्वारवर जातात. माझं म्हणणं, पहिली क्लासिक घ्यायची तर मॉरिस मायनरच. 1948 ची गाडी, अलेक इसिगोनिसची, ज्याने पुढे मिनी केली. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी असून रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि चक्राचं) स्टिअरिंग, त्यामुळे वळणावर आजही काय सुरेख जाते! प्रोटोटाइप अरुंद दिसतोय म्हणून त्याने तो मधोमध कापून चार इंच रुंद केला, बॉनेटवरची मधली उंच पट्टी ही त्याचीच खूण. उत्पादनात दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी, उगाच नाही.

कोव्हेंट्रीकर:
अजिबात पटलं नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पुढच्या सस्पेन्शनचा खालचा ट्रनियन (चाक धरणारा आट्यांचा सांधा), त्याला ग्रीस नाही मिळालं तर आटे झिजतात आणि एक दिवस चाक आडवं पडतं. ट्रॅव्हलरचं, म्हणजे मायनरच्या इस्टेट मॉडेलचं, लाकूडही शोभेचं नाही, ॲशची ती चौकटच मागची बॉडी धरून ठेवते, कुजली की खिसा रिकामा. त्यात 40 वर्षांपुढच्या बहुतेक गाड्यांना 2018 पासून एमओटी, म्हणजे ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी, माफ, म्हणजे तपासणार कोण?

दहा_नंबरी_पाना:
मालकाने तपासायचं! जॅक लावून चाकावरचा भार काढायचा, निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीसगन लावायची आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं, झालं काम. हे घरी करता येतं हीच तर या गाडीची ताकद आहे. 1952 पासूनचं ए-सिरीज इंजिन पुढे मिनीतही होतं त्यामुळे पार्ट्सची ददात नाही, आणि पुढे डिस्क ब्रेक बसवायचे किटही मिळतात.

स्लाऊची_मावशी:
आमच्या पिढीला ती आवडते त्याचं कारण अँबॅसडर, तीही मॉरिस ऑक्सफर्डवरूनच आलेली ना, 2014 पर्यंत बनत होती. पण ते आमचं झालं हो, माझ्या भाचीने अँबॅसडर कधी नीट पाहिलीही नाही तरी मायनर दिसली की थांबते. मग नुसत्या आठवणी कशा म्हणायच्या?

कोव्हेंट्रीकर:
मावशी, दिसते गोड, ते मान्यच. पण गोडव्याने ब्रेक लागत नाहीत. घ्यायचीच तर सलून (साधी डिकीवाली गाडी) घ्या, ट्रॅव्हलर नको. खाली वाकून जॅकिंग पॉइंट (जॅक लावायच्या जागा) आणि मागच्या स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग जिथे अडकवलेली असते ते) बघा, तिथेच गंज धरतो. आणि माफी असली तरी दरवर्षी पैसे भरून एमओटी करून घ्या.